वसंताच्या सुरुवातीला फोटोवरून माशी ओळखणं

उत्तर गोलार्धातल्या थंड प्रदेशांत मार्च-एप्रिलमध्ये ऊन पडायला लागलं की रानातल्या माश्या बाहेर येतात, त्यांचे फोटो काढून कुळ, प्रजाती (जीनस), जमलं तर जाती (स्पीशीज) ओळखायची, असा हा छंद आहे आणि अभ्यासही. सुरुवात करायला हाच काळ चांगला, कारण उडणाऱ्या जाती अजून मोजक्याच असतात आणि थंडीने सुस्तावलेली माशी उन्हात पानावर बराच वेळ बसून राहते, म्हणजे फोटो निवांत काढता येतो.

आधी ती माशीच आहे ना ते बघायचं. माशीला पंखांची एकच जोडी असते, मागच्या जोडीच्या जागी गदेसारखे दोन छोटे दांडे असतात जे उडताना तोल सांभाळतात. एरिस्टॅलिस टेनॅक्स ही माशी हुबेहूब मधमाशीसारखी दिसते आणि भलेभले फसतात, पण तिच्या शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) अगदी आखूड असतात, पंखातली एक शीर खाली खोल वाकलेली असते, आणि डोळा झूम करून बघितला तर त्यावर केसांचे उभे पट्टे दिसतात! हिच्या माद्या प्रौढ अवस्थेतच हिवाळा काढतात म्हणून लवकर दिसतात. तिचीच बहीण पर्टिनॅक्स, तिचे पुढचे पाय टोकाला पिवळे, टेनॅक्सचे काळपट.

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक म्हणजे फक्त वरून एक सुंदर फोटो काढून थांबणं. निळ्या कॅलिफोरा माश्यांचंच बघा, व्हिसिनाचे गाल नारिंगी, व्होमिटोरियाचे गाल काळे आणि त्यावर नारिंगी केसांची दाढी, आता चेहरा आलाच नाही फोटोत तर ओळखणार कशावरून? म्हणून वरून, बाजूने, समोरून, आणि पंखाच्या शिरा नीट दिसतील असा एक, एवढे तरी हवेतच. नर-मादी मात्र बऱ्याच कुळांत चटकन कळतात, नराचे डोळे डोक्यावर एकमेकांना टेकलेले आणि मादीच्या डोळ्यांत फट.

रंगावर फार विसंबू नये. एपिसिर्फस बाल्टिएटस ही पट्टेरी माशी कोषात असताना थंडी असेल तर जास्त काळी निघते. पोलेनिया माश्यांच्या पाठीवरचे सोनेरी कुरळे केस जुन्या माशीत झडलेले असतात, मग ती साधी करडी माशी वाटते. विलो झाडाच्या तुऱ्यांवर येणाऱ्या काळ्या कायलोसिया माश्यांच्या कितीतरी जाती सूक्ष्मदर्शकाशिवाय सुटतच नाहीत, तिथे प्रजातीपर्यंतच नाव लिहायचं, ते अपुरं नसतं, बरोबर असतं.

बॉम्बिलियस मेजर ही माशी मात्र लांबूनही ओळखू येते. केसाळ गोळा, समोर सरळ लांब सोंड, आणि पंखाची पुढची बाजू गडद तपकिरी, मागची काचेसारखी स्वच्छ. फुलासमोर तरंगत असताना पंख धूसर येतात, ती जमिनीवर उन्हात टेकली की मग क्लिक करायचं.