जिवाणू, टॉक्सिन किंवा फर्मेंटर परदेशी पाठवताय? जैविक शस्त्रबंदी कायदा आणि स्कोमेट परवान्याचा अर्ज

"आम्ही फर्मेंटर बनवतो, आमचा शस्त्रांशी काय संबंध?" निर्यातीची कागदपत्रं करून देताना हा प्रश्न मला हमखास ऐकायला मिळतो. विचारणारा मनापासून विचारत असतो. लस, दही, बिअर, एन्झाइम या सगळ्यांना फर्मेंटर, म्हणजे सूक्ष्मजीव वाढवायचं बंद भांडं, लागतो. पण ज्यात लशीसाठी जिवाणू वाढतात, त्याच भांड्यात रोग पसरवण्यासाठीही वाढू शकतात. त्यामुळे अर्जाकडे वळण्याआधी कायदा नेमकं काय म्हणतो ते बघू.

जैविक शस्त्रांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार १० एप्रिल १९७२ रोजी सह्यांसाठी खुला झाला आणि २६ मार्च १९७५ पासून लागू झाला. भारताने त्याला १९७४ मध्येच मान्यता दिली होती. या कराराच्या चौथ्या कलमानुसार प्रत्येक देशाने आपापल्या हद्दीत ही बंदी अमलात आणायची आहे. एप्रिल २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १५४० करून, अशी शस्त्रं दहशतवाद्यांच्या हाती पडू नयेत म्हणून कायदे करणं सगळ्या देशांना बंधनकारक केलं. त्यानंतर २००५ मध्ये संसदेने सामूहिक संहाराच्या शस्त्रांविषयीचा कायदा केला. त्याचं अधिकृत नाव लांबलचक आहे. या कामातले सगळे त्याला 'डब्ल्यूएमडी कायदा' म्हणतात.

या कायद्यातली जैविक शस्त्राची व्याख्या प्रत्येक निर्यातदाराने एकदा तरी शांतपणे वाचावी. कोणते जंतू वाईट, अशी नुसती यादी तिथे नाही. रोगप्रतिबंध, संरक्षण किंवा अन्य शांततापूर्ण कामासाठी ज्याचं समर्थन करता येत नाही अशा प्रकारचा आणि अशा प्रमाणातला सूक्ष्मजीव किंवा टॉक्सिन (सजीवांनी तयार केलेलं विष) म्हणजे जैविक शस्त्र. ते शत्रुत्वाच्या हेतूने वापरण्यासाठी खास बनवलेली साधनंही त्यातच आली. म्हणजे कायद्याची नजर हेतूवर आणि प्रमाणावर आहे. बोटुलिनम टॉक्सिन औषध म्हणून सुईने दिलं जातं, तेच पदार्थ म्हणून अत्यंत विषारी आहे. फरक पडतो तो कोणाच्या हातात, किती आणि कशासाठी यानेच. पुढची सगळी कागदपत्रं याच तीन प्रश्नांची उत्तरं मागतात.

जैविक शस्त्र बनवायला, बाळगायला किंवा कोणाला द्यायला परवाना मिळत नाही, त्यावर सरसकट बंदी आहे. परवाना असतो तो शांततेच्या कामासाठी आणि शस्त्रासाठी, अशा दोन्हीकडे वापरता येईल अशा वस्तूंना.

तुमची वस्तू यादीत आहे का?

ही यादी म्हणजे 'स्कोमेट'. विशेष रसायनं, सूक्ष्मजीव, साहित्य, उपकरणं आणि तंत्रज्ञान यांची ही निर्यात-नियंत्रण यादी परकीय व्यापार महासंचालनालय, म्हणजे डीजीएफटी, प्रसिद्ध करतं. तिचा प्रवर्ग २ सूक्ष्मजीव आणि टॉक्सिन यांचा आहे. अँथ्रॅक्सचा जिवाणू, प्लेगचा जिवाणू, देवीचा विषाणू, इबोला अशी नावं त्यात आहेत. माणसांच्या रोगांबरोबर जनावरांच्या आणि पिकांच्या रोगांचे जंतूही आहेत. ते नजरेतून निसटतात, म्हणून कृषी महाविद्यालयं आणि पशुवैद्यक प्रयोगशाळांना मुद्दाम सांगतो. जनुकीय बदल केलेले जीवही बघावेत.

उपकरणं प्रवर्ग ३ मध्ये, जैविक पदार्थांच्या उत्पादन-हाताळणीच्या भागात येतात. फर्मेंटर, निर्जंतुक करता येणारी फ्रीझ ड्रायिंग यंत्रं, क्रॉस-फ्लो गाळणी वगैरे. 'ऑस्ट्रेलिया ग्रुप' हा रासायनिक आणि जैविक शस्त्रांचा प्रसार रोखण्यासाठी निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांचा गट. भारत १९ जानेवारी २०१८ रोजी त्याचा ४३ वा सदस्य झाला. त्या गटाच्या यादीत फर्मेंटरची मर्यादा एकूण २० लिटर आतल्या घनफळाची आहे. एकूण आणि वापरण्याजोगं, या दोन आकड्यांत गफलत होते. माझ्यासमोर एकदा असंच झालं. कॅटलॉगमध्ये '१५ लिटर' छापलेलं, तो वापरण्याजोग्या घनफळाचा आकडा. यंत्रावर रिव्हेट केलेल्या पट्टीवर एकूण घनफळ २१ लिटर कोरलेलं. मालकाला वाटत होतं परवाना लागणार नाही. ती पट्टी वाचायला अर्धा मिनिट लागला आणि फाइल पूर्ण बदलली. अर्ज भरण्याआधी यंत्राजवळ जाऊन पट्टी वाचा, फोटो काढून ठेवा. यादीत वेळोवेळी बदल होतात, त्यामुळे डीजीएफटीच्या संकेतस्थळावरची ताजी प्रतच वापरा.

"विकत नाही, नुसता नमुना पाठवतोय" हे कारण चालत नाही. फुकट दिलेली वस्तूही निर्यातच. नियंत्रित तंत्रज्ञान ईमेलने पाठवलं तरी ते हस्तांतरण ठरतं. जे आधीच सार्वजनिक आहे, उदाहरणार्थ छापून आलेला शोधनिबंध, ते यात येत नाही. आणि वस्तू यादीत नसली तरी ती शस्त्रासाठी वापरली जाणार आहे हे तुम्हाला माहीत असेल, तर ती पाठवणं गुन्हाच आहे.

अर्ज आणि कागदपत्रं

अर्ज डीजीएफटीच्या पोर्टलवरच करायचा. कंपनी असो वा संस्था, आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, हवा आणि तो चालू स्थितीत हवा. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात आयईसीची माहिती ऑनलाइन तपासून पक्की करावी लागते. ते राहिलं तर कोड निष्क्रिय होतो आणि अर्ज तिथेच अडतो. सबमिट करायला डिजिटल स्वाक्षरी तयार ठेवा.

सोबत खरेदी आदेश किंवा करार, वस्तूचा पूर्ण तांत्रिक तपशील आणि स्कोमेटमधला नेमका क्रमांक जोडावा. सूक्ष्मजीव असेल तर प्रजाती, स्ट्रेन (त्या प्रजातीतला नेमका वाण), प्रमाण लिहा. नुसतं 'बॅक्टेरियल कल्चर' लिहिलेल्या अर्जावर शंका येणारच.

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे अंतिम वापराचं प्रमाणपत्र. व्यवहारात सगळे त्याला ईयूसी म्हणतात. परदेशी खरेदीदार, माल उतरवून घेणारा, मधला दलाल आणि प्रत्यक्ष वापरणारा, साखळीतल्या प्रत्येकाने ते आपापल्या लेटरहेडवर सहीसह द्यायचं असतं. वस्तू कशासाठी वापरणार, सामूहिक संहाराच्या शस्त्रांसाठी वापरणार नाही, परवानगीशिवाय तिसऱ्याला देणार नाही, हे त्यात लिहून द्यावं लागतं. ऐंशी टक्के मेहनत मी इथेच घेतो. खरेदी आदेशावर एक पत्ता, ईयूसीवर दुसरा, असं असेल तर आधी ग्राहकाकडून खुलासा मागवा. 'संशोधनासाठी' हा एक शब्द पुरत नाही. कोणत्या प्रयोगशाळेत, कोणत्या कामासाठी, हे ग्राहकाला स्पष्ट सांगता आलं पाहिजे. जो ग्राहक ते सांगायला टाळतो, त्याची ऑर्डर कितीही मोठी असली तरी नाकारा, हा माझा ठाम सल्ला आहे.

अर्ज आंतर-मंत्रालयीन कार्यगटापुढे जातो. वापरणाऱ्याची विश्वासार्हता, माल ज्या मार्गाने जाणार त्या साखळीचा भरवसा, तो दहशतवाद्यांच्या हाती पडण्याची शक्यता आणि त्या देशातली निर्यात-नियंत्रण व्यवस्था, या गोष्टी तिथे तपासल्या जातात. माहिती अपुरी असली की विचारणा येते, त्यामुळे डिलिव्हरीची तारीख ग्राहकाला आधीच कबूल करू नका.

स्कोमेटखेरीज इतर परवानग्याही असतात. जनुकीय बदल केलेल्या आणि धोकादायक सूक्ष्मजीवांना १९८९ चे पर्यावरण नियम लागू आहेत. त्यासाठी आधी संस्थेची जैवसुरक्षा समिती आणि गरजेप्रमाणे जैवतंत्रज्ञान विभागाची आरसीजीएम, म्हणजे जनुकीय बदलांच्या कामांचा आढावा घेणारी समिती, यांची परवानगी लागते. संसर्गजन्य नमुन्याचं पॅकिंग तीन थरांचं लागतं: गळती न होणारी आतली बाटली, तिच्याभोवती दुसरा सीलबंद डबा, मध्ये शोषक पदार्थ आणि बाहेर टणक खोकं. कमी धोक्याच्या नमुन्यावर यूएन ३३७३ ही धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाची खूण, माणसाला गंभीर संसर्ग करणाऱ्यावर यूएन २८१४.

परवान्याशिवाय स्कोमेट वस्तू पाठवली तर ३ लाख ते २० लाख रुपये दंड आहे, पुन्हा तोच गुन्हा केला तर कैद. प्रत्यक्ष जैविक शस्त्राशी संबंध आला तर किमान पाच वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा. २०२२ च्या दुरुस्तीने अशा कामांना पैसा पुरवणंही गुन्हा केलं. माल गेल्यावर सगळे कागद पाच वर्षं जपून ठेवायचे असतात.

परवाना हातात आल्यावर ग्राहकाने ऐनवेळी "माल दुसऱ्या कंपनीच्या पत्त्यावर पाठवा" असा मेल केला, तर ट्रक थांबवा. परवाना त्याच नावाला आणि त्याच पत्त्याला दिलेला असतो. मेलची प्रत फाइलला लावा, नव्या वापरणाऱ्याचं ईयूसी मागवा आणि डीजीएफटीची मंजुरी येईपर्यंत खोकी गोदामातच राहू द्या.