श्वासाचा हिशोब आंबटपणात

करोनाच्या पहिल्या वर्षी एक मेसेज घरोघर फिरला. खोल श्वास घ्या, दहा सेकंद रोखून धरा, खोकला आला नाही तर फुप्फुसं ठणठणीत. असं काही नसतं, हे जागतिक आरोग्य संघटनेला जाहीरपणे सांगावं लागलं. मेसेज मात्र चिवट. परवा तोच नवा अंगरखा घालून माझ्याकडे आला: श्वास जितका जास्त वेळ रोखता येईल, तितका रक्तात ऑक्सिजन जास्त. वैतागून मी बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि खुर्चीत बसून श्वास कोंडला.

पंचवीस सेकंद मजेत गेले. मग घशाशी आवंढा आला. चाळिसाव्या सेकंदाच्या आसपास पोट आपोआप हिसके देऊ लागलं. ते माझं श्वासपटल, मला न विचारता कामाला लागलेलं. पन्नासला मी हरलो आणि तोंड उघडून हवा ओढली. ऑक्सिमीटरवर सुरुवातीला ९८ होते, हरलो तेव्हा ९७. फुप्फुसातलं रक्त बोटापर्यंत पोचायला वेळ लागतो, त्यामुळे हा आकडा थोडा शिळा असतो. म्हणून आणखी अर्धा मिनिट पाहत राहिलो. फार काही घसरला नाही. म्हणजे जीव कासावीस झाला तेव्हा रक्तात ऑक्सिजन भरपूर होता.

मग ओरडत होतं कोण? कार्बन डायऑक्साइड.

जॉन स्कॉट हाल्डेन आणि प्रीस्टली या दोघा शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १९०५ साली हे नेटकेपणानं दाखवून दिलं. वायुकोशांतल्या हवेत साधारण साडेपाच टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. तो नुसता ०.२ टक्क्यानं वाढला की फुप्फुसांत खेळणारी हवा जवळपास दुप्पट होते. इतका हळवा काटा! ऑक्सिजन तेवढ्यानंच कमी झाला तर शरीर ढिम्म हलत नाही.

हा काटा बसवलाय कुठे, ही गोष्ट मला सगळ्यात आवडते. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये कडक पहारा असतो. रक्तातल्या आम्लाचे हायड्रोजन आयन या पहाऱ्यातून सहजासहजी आत जात नाहीत. कार्बन डायऑक्साइडचा रेणू लहान, त्यावर विद्युतभारही नाही. तो थेट आत घुसतो. पलीकडे मेंदूभोवती मस्तिष्क-मेरुद्रव असतो, पाण्यासारखा नितळ. तिथे पोचल्यावर कार्बन डायऑक्साइड पाण्याशी संयोग पावून कार्बोनिक आम्ल बनतो (सोड्याची बाटली उघडून घोट घेतला की जिभेला चुरचुरतं, ते हेच आम्ल) आणि त्यातून हायड्रोजन आयन सुटतात. म्हणजे पहारेकऱ्यानं दारात अडवलेला माणूस वेष बदलून आत शिरला आणि आत गेल्यावर पुन्हा मूळ रूपात आला.

आता खरी गंमत. रक्तात हिमोग्लोबिन आणि इतर प्रथिनं हे आयन टिपकागदासारखे शोषून घेतात, त्यामुळे रक्ताचा सामू (आंबटपणाचं माप, म्हणजे pH) सहसा ढळत नाही. मेरुद्रवात प्रथिनं जवळजवळ नसतात. गढूळ पाण्यात शाईचा थेंब दिसत नाही, नितळ पाण्यात लगेच दिसतो, तसं. कार्बन डायऑक्साइड जरा वाढला की इथे आंबटपणा लगेच जाणवतो. मेंदूच्या तळाशी, जिथून मज्जारज्जू सुरू होतो त्या मस्तिष्कपुच्छाच्या पुढच्या पृष्ठभागाजवळ, तो ओळखणाऱ्या पेशी बसलेल्या असतात. त्या श्वासाच्या केंद्राला ढोसतात, तिथून आज्ञा मज्जारज्जूमार्गे श्वासपटलाकडे जाते, श्वास वाढतो, वायू बाहेर पडतो, आंबटपणा उतरतो.

काटा कायमचा एकाच जागी राहत नाही, हेही सांगायला हवं. फुप्फुसांच्या जुनाट आजारात कार्बन डायऑक्साइड महिनोन्महिने वाढलेलाच राहिला, तर मेरुद्रवात आंबटपणा शमवणारं बायकार्बोनेट साठत जातं, सामू पुन्हा जागेवर येतो आणि पेशी त्या वाढीव पातळीलाच नेहमीची समजू लागतात. अशा रुग्णाला भरमसाट ऑक्सिजन दिला तर कार्बन डायऑक्साइड आणखी चढू शकतो. त्याला कारणं एकाहून जास्त आहेत. श्वासाची प्रेरणा मंदावणं हे त्यातलं एक. म्हणून डॉक्टर अशांच्या ऑक्सिमीटरचा आकडा १०० वर न नेता ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवतात. नातेवाईक मात्र ‘नळी मोठी सोडा’ म्हणून भांडत असतात.

ऑक्सिजनवर लक्ष ठेवणारं अगदीच कुणी नाही असं नाही. जबड्याच्या खाली, मानेतली मोठी रोहिणी जिथे दुभंगते, तिथे दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढी कॅरोटिड बॉडी असते. या भागातल्या संवेदकांचा श्वासाशी असलेला संबंध उलगडल्याबद्दल कॉर्नेल हेमान्स यांना १९३८ चं नोबेल मिळालं. पण हा राखणदार आळशी. रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब एरवी पाऱ्याच्या १०० मिलिमीटरच्या आसपास असतो. तो ६० च्या खाली घसरेपर्यंत याची हाकाटी फारशी जोर धरत नाही. तसं चालून जातं, कारण ६० वरही हिमोग्लोबिन नव्वद टक्के भरलेलं असतं.

या आळसाचा फटका पोहणाऱ्यांना बसतो. पाण्याखाली जास्त अंतर कापायचं म्हणून काही जण सूर मारण्याआधी भराभर खोल श्वास घेतात. त्यांना वाटतं ऑक्सिजन साठवला. साठवणार कुठे? हिमोग्लोबिन आधीच ९७-९८ टक्के भरलेलं. (सुगंधी ऑक्सिजनचे डबे विकणाऱ्यांनाही हाच प्रश्न विचारावा.) प्रत्यक्षात त्यांनी कार्बन डायऑक्साइड उडवून लावलेला असतो, म्हणजे धोक्याच्या घंटेची वायर कापलेली असते. पाण्याखाली ऑक्सिजन संपत जातो आणि कार्बन डायऑक्साइड पातळी गाठण्याआधीच शुद्ध हरपते. गुदमरणं नाही, धडपड नाही. काठावरच्यांना वाटतं, गडी अजून पोहतोय.

करोनातले ‘ऐंशीवर आलेले तरी फोनवर गप्पा मारणारे’ रुग्ण आठवतात? त्यामागचं एक मोठं कारण हेच. ऑक्सिजन रक्तात शिरत नव्हता, पण कार्बन डायऑक्साइड बिनबोभाट बाहेर पडत होता. घंटा वाजवणारा जागेवर नव्हता.

राहता राहिला ठेका. हृदय स्वतःचा ठेका स्वतः धरतं; फुप्फुसांना ते जमत नाही, त्यांना ओढून फुगवावं लागतं. तो ठेका मस्तिष्कपुच्छातल्या काही हजार पेशींचा एक पुंजका देतो. १९९१ मध्ये जेफ्री स्मिथ, जॅक फेल्डमन आणि सहकाऱ्यांनी तो दाखवला. नाव प्री-बॉट्झिंगर कॉम्प्लेक्स. शेजारच्या भागाला आधीच एका जर्मन वाइनचं नाव दिलेलं होतं, त्यावरून हे आलं. दिवसाला वीसेक हजार श्वास इथून सुटतात. माणसाला श्वास मोजून दिलेले असतात असं सांगणारे भेटतात. या पुंजक्यात असली कुठलीही वही नाही, नाहीतर धावपटू लवकर गेले असते.

आपण ठरवून श्वास घेतो तेव्हा मेंदूच्या वरच्या थरातून वेगळी वाट वापरली जाते. या दोन वाटा किती वेगळ्या आहेत, ते एका दुर्मीळ जन्मजात आजारात दिसतं. २००३ मध्ये त्याचा संबंध फॉक्सटूबी नावाच्या जनुकाशी जुळला. या मुलांना आंबटपणाची हाक ऐकूच येत नाही. जागेपणी खेळतात, रडतात, बोलतात, श्वास बऱ्यापैकी चालू असतो. डोळा लागला की तो उथळ होत जातो, कधी थांबतोही, आणि मूल दचकून उठत नाही. म्हणून अशा घरात मूल पेंगायला लागलं की आधी व्हेंटिलेटर जोडतात, मग दिवा मालवतात.