इलेक्ट्रिक सुपरचार्जर

इलेक्ट्रिक सुपरचार्जर : इंजिनाच्या सिलिंडरमध्ये जाणारी हवा विजेच्या मोटरने दाबून भरणारे साधन. या एकाच नावाने दोन अगदी वेगळ्या वस्तू ओळखल्या जातात. एक, काही महागड्या गाड्यांत कारखान्यातच बसवलेला ४८ व्होल्टचा कॉम्प्रेसर. दुसरी, गाडी घेतल्यावर एअर फिल्टरच्या नळीत बसवायचा १२ व्होल्टचा छोटा पंखा. पहिल्याने इंजिनाचा जोर खरोखर वाढतो. दुसऱ्याने मोजता येईल इतकी वाढ होत नाही. इंजिन वेगाने फिरत असताना तर थोडी घटच होऊ शकते. मोटर विजेची आहे हा काही दोष नाही. ती किती वॉटची आहे, यावर सगळे ठरते.

इंजिनाची ताकद ते दर मिनिटाला किती इंधन जाळू शकते यावर अवलंबून असते, आणि इंधन जाळायला त्या प्रमाणात हवा लागते. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने साधारण १४.७ पट हवा हवी. साधे इंजिन ही हवा पिस्टनच्या ओढीने घेते, म्हणजे वातावरणाच्या दाबापलीकडे त्याला काही मिळत नाही. हा दाब वाढवला की त्याच सिलिंडरमध्ये जास्त हवा आणि म्हणून जास्त इंधन मावते. कल्पना जुनीच आहे. अमेरिकेतल्या रूट्स बंधूंच्या हवा ढकलणाऱ्या यंत्राला १८६० मध्ये पेटंट मिळाले. आल्फ्रेड ब्यूखी यांनी टर्बोचार्जरचे पेटंट १९०५ मध्ये घेतले, आणि सुपरचार्जर असलेल्या मर्सिडीज गाड्या १९२१ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात आल्या. सुपरचार्जर पट्ट्याने क्रँकशाफ्टकडून (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याकडून) शक्ती घेतो, टर्बो ती एक्झॉस्टच्या वायूंतून मिळवतो. दोघेही बरीच शक्ती खातात, पण त्यांना मिळणारा स्रोत मोठा असतो. गाडीतल्या १२ व्होल्टच्या वायरिंगची गोष्ट वेगळी आहे.

दोन लिटरचे चार-स्ट्रोक इंजिन घ्या. दर दोन फेऱ्यांमागे ते एकदा दोन लिटर हवा घेते. म्हणजे मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर हिशेब ६,००० लिटरचा होतो. सेकंदाला १०० लिटर, वजनात जवळपास १२० ग्रॅम. ही हवा वातावरणापेक्षा अर्धा बार (एक बार म्हणजे जवळपास वातावरणाचा दाब) जास्त दाबाने भरायची, तर चांगल्या कॉम्प्रेसरलाही सात ते आठ किलोवॉट शक्ती लागते. १२ ते १४ व्होल्टवर एवढी शक्ती म्हणजे साडेपाचशे ते साडेसहाशे अँपिअर प्रवाह. साधारण गाडीचा अल्टरनेटर (गाडीतले वीज तयार करणारे यंत्र) ७० ते १५० अँपिअर देतो, आणि त्यातलेही बरेच दिवे, इंधनपंप, इग्निशन आणि एसीचा पंखा घेऊन जातात.

नळीत बसवायच्या पंख्यांची मोटर मात्र बहुधा ५० ते १०० वॉटच्या आसपास असते. त्यांतले काही तर बोटीच्या तळात साचलेली इंधनाची वाफ बाहेर काढणाऱ्या पंख्यांचेच भाऊबंद आहेत. वेष्टन तेवढे वेगळे. १०० वॉटचा पंखा एक वॉटही वाया न घालवता सेकंदाला १०० लिटर हवा ढकलू लागला, तरी दाब वाढेल तो सुमारे १,००० पास्कल. समुद्रसपाटीला हवेचा दाब १,०१,३२५ पास्कल असतो. म्हणजे वाढ एक टक्का, १५० अश्वशक्तीच्या इंजिनाला दीड अश्वशक्ती, आणि तीही कागदावर. प्रत्यक्षात अशा पंख्याची कार्यक्षमता निम्मी भरली तरी खूप. जाहिरातीत छापलेला हवेचा आकडा पुढे काहीही अडथळा नसताना मोजलेला असतो, तोही गोंधळात पाडतो. इंजिन पंख्याच्या क्षमतेपेक्षा जास्त हवा ओढू लागले की पाती वाटेतला अडसर बनतात, आणि मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळीतला) दाब वाढण्याऐवजी उतरतो.

शिवाय ही वीज फुकट येत नाही. अल्टरनेटर इंजिनावरच चालतो आणि पट्टा धरून त्यात बरीच शक्ती वाया जाते. १०० वॉटच्या पंख्यासाठी इंजिनाकडून १६० ते २०० वॉट जातात, साधारण पाव अश्वशक्ती.

जाहिराती थ्रॉटलबद्दल, म्हणजे पेडलने उघडणाऱ्या हवेच्या झडपेबद्दल, सहसा बोलत नाहीत. रोजच्या चालवण्यात पेट्रोल इंजिनाचा थ्रॉटल अर्धवटच उघडा असतो आणि मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. चालकाने हवा जाणूनबुजून अडवलेली असते. त्या अडथळ्यामागून पंखा फिरवून काय साधणार? पेडल पूर्ण दाबल्यावरच बाहेरून दिलेल्या दाबाला अर्थ येतो, आणि नेमक्या त्याच वेळी हवेची मागणी पंख्याच्या आवाक्याबाहेर गेलेली असते. त्यामुळे ‘पिकअप वाढतो आणि ॲव्हरेजही सुधारतो’ या जाहिरातींतल्या दाव्याचा दुसरा भागही टिकत नाही.

तरीही फरक जाणवल्याचे सांगणारे लोक भेटतात, आणि ते खोटे बोलत असतात असे नाही. हवेच्या नळीतून येणारा आवाज वाढला की गाडी जोरात पळते आहे असे वाटते. वायरिंग करताना बॅटरी काढली असेल, तर इंजिनाच्या संगणकाने शिकून ठेवलेल्या दुरुस्त्या पुसल्या जातात आणि काही दिवस गाडीचा स्वभाव बदलल्यासारखा वाटतो. थंड रात्री हवा दाट असते. डायनोवरसुद्धा (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) लागोपाठच्या दोन चाचण्यांत एक-दोन टक्के फरक सहज पडतो, म्हणजे पंख्याचा कथित फायदा त्या गोंधळातच बुडून जातो. खात्री करायचा सोपा मार्ग म्हणजे मॅनिफोल्डचा निरपेक्ष दाब (पूर्ण निर्वात शून्य धरून मोजलेला) पाहणे. थ्रॉटल पूर्ण उघडा असताना तो आकडा बाहेरच्या हवेच्या दाबाच्या वर गेला नाही, तर सुपरचार्जिंग झालेलेच नाही. इंजिनाला धोकाही आहे: प्लॅस्टिकचे पाते तुटून आत गेले, किंवा एअरफ्लो सेन्सरपुढचा प्रवाह भोवऱ्यासारखा फिरू लागून मापन चुकले, तर दुरुस्ती त्या पंख्याच्या किमतीहून महाग पडते.

कारखान्यात बसवलेल्या यंत्रांकडे पाहिले की प्रमाण कळते. २०१६ च्या ऑडी एसक्यू७ टीडीआयमध्ये ४८ व्होल्टवर चालणारा ७ किलोवॉटपर्यंतचा कॉम्प्रेसर आहे. तो पाव सेकंदाच्या आत मिनिटाला ७०,००० फेऱ्यांपर्यंत पोहोचतो. त्याचे काम गाडी सुटताना, टर्बो जागा होईपर्यंतची पोकळी भरणे एवढेच. नंतर हवेची जबाबदारी टर्बो घेतो. मर्सिडीजच्या २०१७ च्या सहा-सिलिंडर एम२५६ इंजिनातही हीच योजना आहे. २०२४ च्या पोर्शे ९११ जीटीएसमध्ये मोटर थेट टर्बोच्या दांड्यावर बसवली आहे आणि तिच्यासाठी ४०० व्होल्टची प्रणाली आहे. फॉर्म्युला वनच्या गाड्यांतही २०१४ पासून २०२५ च्या हंगामापर्यंत टर्बोला जोडलेली विद्युत मोटर होती. या सगळ्यांत मोठी मोटर, ऊर्जेचा साठा आणि जाड केबल एकत्र येतात.

हेच गणित मान्य करून बनवलेले नंतर बसवायचे संचही आहेत, थोडे आणि महाग. त्यांत टर्बोसारखा सेंट्रिफ्यूगल कॉम्प्रेसर, काही किलोवॉटची ब्रशलेस मोटर आणि स्वतंत्र बॅटरी असते. ती बॅटरी पूर्ण पेडलच्या काही सेकंदांत रिकामी होत जाते आणि संथ चालवताना पुन्हा भरते. ओव्हरटेक करायला हे पुरते, लांब चढणीला नाही. अर्धा बार दाबाने हवा सुमारे ५० अंशांनी तापते, म्हणून ती थंड करणारा इंटरकूलर लागतो. मूळ इंजिनाचे कॉम्प्रेशन आधीच जास्त असेल तर नॉकिंग (इंधन अवेळी पेटून बसणारे ठोके) टाळण्यासाठी इग्निशन मागे घ्यावे, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडावी लागते आणि इंधनाचा नकाशा (केव्हा किती इंधन द्यायचे याचा संगणकातला तक्ता) नव्याने बांधावा लागतो.