दारू सोडण्याचे उपचार: कुठे जायचं आणि पैशांचं काय करायचं

वाळपई बाजारातल्या आमच्या फार्मसीकडून गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या ग्राहकांसाठी

दुकानात गर्दी नसली की काही बायका हळू आवाजात एक गोष्ट मागतात: नवऱ्याला कळू न देता आमटीत किंवा चहात घालायची, दारू सोडवणारी पुडी. कुणी मोबाइलवरची जाहिरात दाखवतं, कुणी कुठून तरी मिळालेली चिठ्ठी पुढे करतं. ती पुडी आम्ही देत नाही. पण नुसतं ‘नाही’ म्हणून त्यांना परत पाठवणं आम्हाला पटत नाही, आणि काउंटरवर चार माणसांसमोर सगळं समजावून सांगताही येत नाही. म्हणून हे पत्रक काढलं आहे. घरी नेऊन निवांत वाचा.

पुडी का देत नाही

जाहिरातीतल्या पुडीत नेमकं काय आहे, याचा बहुतेक वेळा पत्ता नसतो. काही जण दारू सोडवण्यासाठीच्या डायसल्फिराम या औषधाची गोळी कुटून जेवणात घालावी म्हणून ती मागतात. हे औषध खरं आहे आणि योग्य माणसाला उपयोगीही पडतं. मात्र ते पोटात असताना दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, छातीत धडधडतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयाचा आजार असेल तर जीवावर बेतू शकतं. गोळी थांबवल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ज्याला गोळीचा पत्ताच नाही, तो त्याच संध्याकाळी बारमध्ये जाऊन बसणार. म्हणून डायसल्फिराम डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, तपासण्या करून आणि घेणाऱ्याच्या संमतीनेच द्यायची असते. जो समजून-उमजून ती घेतो, त्याला आम्ही आणखी एक सांगतो: खोकल्याच्या काही सिरपांत आणि माउथवॉशमध्येही अल्कोहोल असतं. नवीन बाटली घेण्याआधी आम्हाला दाखवा.

रोज पिणाऱ्याची दारू घरी एकदम तोडू नका

या पत्रकातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल, तर हे ठेवा. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एका दिवसात बंद केली, तर शरीर बिथरतं. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, घरातली माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो, माणूस आवरत नाही. असं झालं तर ते अंगात आल्याचं किंवा कुणी काही केल्याचं समजून वेळ घालवू नका. हा जीवघेणा आजार आहे. सरळ १०८ ला फोन करा.

ज्याला पूर्वी कधी दारू सोडताना फिट आली आहे, ज्याला काविळ किंवा यकृताचा त्रास आहे, किंवा जो सकाळी उठल्या उठल्या घोट घेतल्याशिवाय उभा राहू शकत नाही, त्याची दारू इस्पितळातच सोडवावी. तिथे थरथर आणि फिट आवरायला लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइडसारखी औषधं देतात आणि काही दिवसांत ती कमी करत बंद करतात. ही औषधं आमच्याकडून चिठ्ठीशिवाय मिळणार नाहीत. त्यांचीही सवय लागते, आणि दारूवरून ती घेतली तर श्वास मंदावतो.

‘एक सलाईन लावून घेतो, अंगातली दारू निघून जाईल’ असंही बऱ्याचदा ऐकू येतं. सलाईनने दारू सुटत नाही. सतत पिणाऱ्यांचं जेवण सुटलेलं असतं, त्यामुळे शरीरात थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व फार कमी होतं, आणि त्याअभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते, स्मरणशक्ती जाऊ शकते. ग्लुकोजची बाटली चढवण्याआधी थायमिन द्यायला हवं. त्यामुळे सलाईन लावणाऱ्या डॉक्टरांना माणूस रोज किती पितो ते खरं सांगा. लाजेपोटी ‘कधीतरी घेतो’ म्हणू नका.

कुठे जायचं

सुरुवात वाळपईच्या सरकारी आरोग्य केंद्रातूनच करा. तिथल्या डॉक्टरांना सांगा, तपासणी करून घ्या आणि पुढे पाठवण्याची चिठ्ठी घ्या. तिथे नाव सांगायला संकोच वाटत असेल, तर साखळीच्या केंद्रात जा. तिथे ओळखीचं कुणी भेटण्याची भीती थोडी कमी.

मोठं ठिकाण म्हणजे बांबोळी. गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, जवळच सरकारी मानसोपचार इस्पितळ आहे. गावात त्याचं नाव काढलं की लोक ‘वेड्यांचं इस्पितळ’ म्हणतात, आणि त्या एका शब्दापायी कित्येक घरं तिथे जायचं टाळून हजारो रुपये दुसरीकडे घालवतात. व्यसनाच्या उपचारांचे अनुभवी डॉक्टर तिथे आहेत. बाहेरून तपासणी होते आणि गरज पडली तर दाखलही करून घेतात. गांजा, झोपेच्या गोळ्या किंवा हेरॉईनची सवय असली तरी तिथेच जायचं. वाळपईहून पणजीच्या कदंब स्टँडवर उतरा, तिथून मडगावकडे जाणारी बस बांबोळीला थांबते. सकाळी लवकर निघा. म्हापशाच्या जिल्हा इस्पितळातही मानसोपचार विभाग आहे. डिचोलीकडच्या लोकांना तो सोयीचा पडतो.

ज्यांचं पिणं वाढलं आहे पण अजून शरीर दारूच्या पूर्ण ताब्यात गेलेलं नाही, त्यांना दाखल व्हायची गरज नसते. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने याचा नीट अभ्यास केला आहे. राज्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत बेताबाहेर पिणाऱ्या ३७७ पुरुषांना त्यात घेतलं होतं. त्यातल्या निम्म्यांशी डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी मोजक्या बैठकांत बोलणं केलं. तीन महिन्यांनी पाहिलं तर त्या गटातल्या ३६ टक्के पुरुषांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं होतं, तर नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. हा अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. चार भिंतींत नुसतं मोकळं बोलूनही फरक पडतो, आणि तो आपल्याच आरोग्य केंद्रांत पडला आहे.

फोनवर बोलायचं असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची ‘टेलिमानस’. दोन्ही मोफत. १४४४६ वर विचारा की केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणारं सर्वात जवळचं व्यसनमुक्ती केंद्र कुठलं. मराठीतून राहून उपचार हवे असतील तर पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतं. तिथे जागा आहे का आणि खर्च किती, हे निघण्याआधी फोनवर विचारून घ्या.

पैशांचं गणित

इथे आम्हाला थोडं स्पष्ट बोलायचं आहे, कारण या वळणावर घरं बुडताना आम्ही पाहिली आहेत. नवरा किंवा मुलगा एकदाचा ‘हो’ म्हणाला, की बाई मंगळसूत्र सोडून बाकीचं सोनं गहाण टाकते, सोसायटीतून कर्ज उचलते आणि सगळी रक्कम एका महिन्याच्या खाजगी केंद्रात भरते. महिन्याने माणूस बरा होऊन येतो. मग औषधांना पैसे उरत नाहीत, बांबोळीच्या फेऱ्यांना उरत नाहीत, आणि काजूचा हंगाम येऊन गावात उर्राक, म्हणजे काजूची दारू, निघाली की सगळं पुन्हा पहिल्यासारखं. व्यसनाचा उपचार महिन्याचा नसतो. निदान वर्षभर तरी तो सोडू नये. म्हणून पहिला महिना शक्य तितका सरकारी इस्पितळात काढा आणि हातातले पैसे पुढच्या अकरा महिन्यांसाठी ठेवा.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड घरात असेल तर ते शोधून ठेवा आणि त्याची मुदत पाहा. २०१६ पासूनच्या या योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला ४ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण ते ठरलेल्या उपचारांच्या यादीपुरतंच. ‘कार्ड आहे, सगळं फुकट होईल’ असं धरून चालू नका. दाखल होण्याआधी योजनेच्या काउंटरवर आपला उपचार यादीत आहे का ते विचारा.

खाजगी आरोग्य विमा असेल तर पॉलिसीतलं न मिळणाऱ्या गोष्टींचं पान उघडा. तिथे ‘एक्सक्लूजन १२’ (Excl12) असा कोड सापडेल. दारू, अमली पदार्थ किंवा कुठल्याही व्यसनाचे उपचार आणि त्यातून झालेला त्रास, यांचा खर्च मिळणार नाही असं त्यात लिहिलेलं असतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मात्र दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था मानसिक आजारांतच धरल्या आहेत, आणि मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच धर्तीवर विमा द्यावा असंही सांगितलं आहे. ही ओढाताण तुमच्या आमच्या हातून सुटणारी नाही, तरी दावा नाकारला तर कारण लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार विभागाकडे, तिथे नाही झालं तर विमा लोकपालाकडे जा. होंडा किंवा पिसुर्ल्याच्या कारखान्यात कामाला असाल आणि पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर आधी ईएसआय दवाखान्यात दाखवा.

औषधांच्या खर्चाचा अंदाज आम्ही देऊ शकतो. ओढ कमी करायला नालट्रेक्सोन बहुधा दिवसाला एक गोळी असते. अकॅम्प्रोसेट सहसा दोन-दोन गोळ्या तीन वेळा, म्हणजे महिन्याला १८० गोळ्या. म्हणून दर गोळीमागे थोडाच फरक वाटला तरी महिन्याच्या बिलात तो मोठा होतो. डॉक्टरांना जेनेरिक नाव लिहायला सांगा आणि आमच्याकडे स्वस्त पर्याय विचारा. बांबोळीच्या इस्पितळातून औषधं मिळत असतील तर तिथूनच घ्या, आम्हाला त्याचं वाईट वाटणार नाही. नालट्रेक्सोन चालू असताना ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नका.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठकांना फी नसते, नावगाव विचारत नाहीत. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या बैठका गोव्यातही भरतात. घरच्यांसाठी ‘अल-ॲनॉन’ आहे. माणूस उपचाराला तयार नसला तरी घरच्या बाईने तिथे एकटीने जायला हरकत नाही. उलट आमचं म्हणणं आहे, तिनेच आधी जावं. सगळा मार तिनेच झेललेला असतो आणि तिची तब्येत कुणी विचारत नाही. घरात मारहाण होत असेल तर ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ नंबर लावा. त्यासाठी दारू सुटायची वाट पाहू नका.

खाजगी केंद्रात पैसे भरण्याआधी

राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी दाखवायला सांगा. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात आणि रात्री फिट आली तर काय करतात, तेही विचारा. महिन्याच्या रकमेत औषधं, रक्ततपासणी आणि जेवण धरलं आहे का, आणि माणूस मध्येच घरी आला तर उरलेले पैसे परत मिळतात का, हे लेखी घ्या. ‘आमची गाडी येईल आणि रात्री उचलून नेईल’ असं कुणी म्हणालं तर तिथे पाठवू नका. माणूस राजी नसताना आणि त्याला स्वतःचं बरंवाईट कळत नसताना दाखल करायचं असेल तर मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य तज्ज्ञ, अशा दोघांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं. साखळीने बांधणं, जबरदस्तीने टक्कल करणं, राबवून घेणं याला कायद्यात मनाई आहे. पहिल्याच दिवशी घरच्यांना भेटायला मनाई असेल तर कारण विचारा, आणि ते पटलं नाही तर माणसाला तिथे ठेवू नका.

परत आल्यानंतर

चतुर्थी, शिगमो, जत्रा आणि लग्नसराई, हे दिवस अवघड जातात. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा की घरात बाटली आणायची नाही. एखादा दिवस घसरला तर उपचार फुकट गेला असं समजून औषधं बंद करू नका, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना भेटा. मात्र तो दिवस डायसल्फिरामवर असताना आला असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता थेट इस्पितळात जा.

दुकानात यायचं झालं तर दुपारच्या जेवणाआधीची वेळ शांत असते. नुसती चिठ्ठी पुढे केली तरी चालेल, काही बोलायची गरज नाही. औषध साध्या पिशवीत बांधून मिळेल. तुमच्या घरातलं दुसरं कुणी विचारायला आलं, तरी काय घेतलं ते आम्ही सांगणार नाही. सलग महिन्याची औषधं लागत असतील तर चार दिवस आधी सांगा, मागवून ठेवू. एकदम महिन्याचे पैसे नसतील तर आठवड्यापुरत्या गोळ्या घ्या, पण एकही दिवस चुकवू नका.