'इमातेरिओ': नावात द्रव्य नाही, दालनात भरपूर

समुद्रतळाच्या केबली, सर्व्हरच्या खोल्या, लिथियमच्या खाणी, भंगारातले मदरबोर्ड. गेल्या दहाएक वर्षांत ही सामग्री कलादालनांत वरचेवर दिसू लागली आहे. तिची वंशावळ सांगताना संगणक आणि कला यांवरच्या दोन जुन्या प्रदर्शनांची नावं घेतली जातात: १९६८चं लंडनमधलं 'सायबरनेटिक सेरेंडिपिटी' आणि १९७०चं न्यूयॉर्कमधलं 'सॉफ्टवेअर'. न्यूयॉर्कला पहिले काही आठवडे संगणकच नीट चालेना, आणि ते यंत्र किती जड, किती लहरी असतं हे प्रेक्षकांना आयतंच कळलं. पण खरा गुंता १९८५च्या पॅरिसमधल्या 'इमातेरिओ' (Les Immatériaux) या प्रदर्शनात आहे.

२८ मार्च ते १५ जुलै या काळात, बाहेरून रंगीत नळ्या मिरवणाऱ्या पाँपिदू सेंटरच्या पाचव्या मजल्यावर, सुमारे ३,००० चौरस मीटर जागेत हे प्रदर्शन मांडलं होतं. भिंतींच्या जागी छतापासून लोंबणाऱ्या करड्या धातूच्या जाळ्या, साठाहून अधिक ठिकाणं आणि ठरलेली वाट नाही. कानाला हेडफोन, आणि जागा बदलली की त्यातला आवाजही बदलायचा. कुणाला हे थरारक वाटलं, कुणाला निव्वळ भूलभुलैया. माझ्या मते वाट न आखण्याचा निर्णय बरोबर होता. वैतागलेल्यांची तक्रारही अगदीच खोटी नव्हती.

वादाचं मूळ मात्र नावात आहे. ते फ्रेंच उच्चारात 'लेझिमातेरिओ' असं येतं आणि मराठी कानाला आधी लेझीमच ऐकू येते. योजना सुरू झाली तेव्हा विषय साधा होता: नवी द्रव्यं आणि निर्मिती. १९८३मध्ये ज्याँ-फ्रांस्वा लिओतार या फ्रेंच तत्त्वज्ञाला बोलावण्यात आलं आणि त्याने 'द्रव्यां'च्या आधी नकार जोडला. फ्रेंचमध्ये 'अभौतिक' अशा अर्थाचं विशेषण होतंच. त्याचं हे अनेकवचनी नाम मुद्दाम घडवलेलं. द्रव्य संपलं असा त्याचा दावा नव्हता. माणूस कर्ता आणि समोरचं द्रव्य निमूट, ही जुनी विभागणी आता टिकत नाही, कारण द्रव्यच संकेतांच्या देवघेवीत विरघळलंय, असं त्याला म्हणायचं होतं. ऐकणाऱ्यांनी मात्र 'वस्तूंचे दिवस गेले' एवढंच ऐकलं.

मराठीत हे नाव आणायचं तर पंचाईतच. 'अमूर्त' चित्रकारांनी आधीच घेतलंय, 'अभौतिक'ला अध्यात्माचा वास येतो, 'आभासी' तर सरळ चुकीचं. 'निर्द्रव्ये' त्यातल्या त्यात जवळचं, पण उच्चारताना खिशात पैसे नसल्यासारखं वाटतं.

शिवाय प्रदर्शनाची रचना एका संस्कृत म्हणून सांगितलेल्या धातूवर उभी होती: 'मात्', म्हणजे हाताने घडवणं, मोजणं, बांधणं. त्यावरून पाच वाटा काढल्या: द्रव्य, साचा, साधन, आशय आणि मातृत्व. आपल्या वाचकाला 'मात्रा' आणि 'माता' लगेच ओळखीच्या वाटतील, पण संस्कृतातला धातू 'मा' आहे, 'मात्' नव्हे. व्युत्पत्ती सैल होती, तरी रचना त्यामुळे कोसळली नाही. उलट 'मोजणं' हा अर्थ अंकांच्या यंत्राला चांगलाच लागू पडतो.

या भानगडीत एक गोष्ट बाजूला राहिली. नकार नावात होता, दालनात नव्हताच. तिथे जाळ्या, तारा, दिवे, पडदे यांची गर्दी होती. पुढच्या पिढीच्या कलावंतांनी नाव सोडून हीच गर्दी उचलली. २००८च्या जानेवारीत अलेक्झांड्रियाजवळ केबली तुटल्या आणि भारतातलं इंटरनेट अडखळलं, तेव्हा माहिती जणू हवेत तरंगते असं सुचवणाऱ्या 'क्लाउड' शब्दाची फसवणूक सगळ्यांनाच जाणवली. २०१८मध्ये घरातल्या बोलक्या स्पीकरचा खाणीपासून कचऱ्यापर्यंतचा प्रवास दाखवणारा केट क्रॉफर्ड आणि व्लादान योलर यांचा एक विशाल नकाशा आला. आता तर त्याचा उल्लेख नसलेली चर्चाच सापडत नाही.

मुंबईकरांना यात नवल वाटायचं कारण नाही. १८७०मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने इथून एडनपर्यंत तारेची केबल टाकली. तिचं आवरण मलायातल्या झाडांच्या चिकापासून केलेलं होतं. ही कथा अजून कुठल्या मोठ्या प्रदर्शनाच्या मध्यभागी आलेली माझ्या पाहण्यात नाही.

१९८५च्या त्या प्रदर्शनाचं पुढे आभासी प्रारूप तयार झालं. २०२२च्या डिसेंबरात जर्मनीतल्या कार्ल्सरुहमध्ये आणि नंतर पॅरिसमध्येही, मूळ जाळ्यांच्या जागी पडद्यावरच्या जाळ्या होत्या.