व्यसनोपचारासाठी आप्ताचे मन वळवणे (गोवा)

दारू किंवा अन्य अमली पदार्थाच्या आहारी गेलेल्या माणसाने स्वतःच्या मर्जीने उपचार घ्यावेत, यासाठी घरच्यांनी केलेला प्रयत्न. समजावणे हा त्याचा एक भाग झाला. योग्य वेळ साधणे, डॉक्टरशी आधी बोलून ठेवणे आणि घरच्यांनी स्वतःच्या काही सवयी मोडणे हेही त्यात येते. फसवून नेणे, कोंडून ठेवणे, मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावणे हे प्रकार गावोगाव चालतात. त्यांमागे माया असते हे खरे, पण त्यांनी विश्वास तुटतो आणि पुढचा दरवाजा बंद होतो.

गोव्यात हा प्रश्न मुख्यतः दारूचा आहे. काजूची बोंडे पिकली की त्यांच्या रसाची पहिली, सौम्य दारू म्हणजे हुर्राक येतो, मग फेणी. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पोटदुखीला घोटभर आणि सर्दीला छातीवर चोळायला म्हणून फेणीची बाटली न पिणाऱ्यांच्या घरातही सापडते. दारू शेजारच्या राज्यांपेक्षा स्वस्त आणि तावेर्न (दारूचा गुत्ता) हाकेच्या अंतरावर. अशा ठिकाणी पिणे कुठे संपले आणि आजार कुठे सुरू झाला हे लवकर कळत नाही. सकाळी कामावर जाणारा, पगार घरी आणणारा माणूस गावाच्या लेखी ‘बेबदो’ (दारुडा) ठरत नाही. त्यामुळे त्याचे हात कापू लागेपर्यंत कोणी बोलत नाही. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, दारूचे प्रमाण जास्त असलेल्या राज्यांत गोव्याचे नाव आहे. त्याच पाहणीनुसार देशात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला काहीतरी उपचार मिळालेले होते.

नकारामागे हट्टापेक्षा भीती जास्त असते. पहिली भीती शरीराची. रोज पिणाऱ्याला दारू न मिळाल्यास काही तासांतच थरथर, घाम, उलट्या सुरू होतात. हे त्याने अनुभवलेले असते, म्हणून ‘सोड’ हा शब्द ऐकताच तो अंग चोरतो. दुसरी भीती लोकांची. बांबोळीच्या मनोविकार व मानवी वर्तन संस्थेत नेले, म्हणजे ‘वेड्यांच्या इस्पितळात घातले’ असे गाव म्हणेल, ही धास्ती पेडण्यापासून काणकोणापर्यंत ऐकू येते. या संस्थेचे पूर्वीचे इस्पितळ आबे फारिया यांच्या नावाचे होते. कांदोळीत १७५६ साली जन्मलेले हे गोमंतकीय धर्मगुरू संमोहनाच्या अभ्यासातील एक आद्य नाव. संमोहित होण्याचे सामर्थ्य संमोहकाच्या हातात नसून ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्याच मनात असते, असे त्यांचे म्हणणे होते. उपचारांचा होकारही असाच आतून यावा लागतो.

येथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण तिने जीव जातात. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू घरात एकाएकी तोडू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊन नसलेली माणसे दिसू लागतात, ताप चढतो, आणि उपचार न मिळाल्यास मृत्यूही येतो. पंढरीची माळ घालणे, देवळात गाऱ्हाणे घालून नारळ ठेवणे, शिरगावच्या लईराई देवीचा धोंड (व्रतस्थ भक्त) होऊन व्रत पाळणे यांनी निश्चयाला मोठे बळ मिळते, आणि त्या श्रद्धेला कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र माळ घालण्याआधी डॉक्टरला दाखवावे. शिवाय ‘व्रताचे दिवस पाळतो, म्हणजे मनात आणले तर सोडू शकतो’ हा घरच्यांचा निष्कर्ष चुकीचा आहे. काही दिवस थांबता येणे आणि कायम थांबता येणे यांत फार अंतर आहे. तसेच ‘दारू सोडवण्याची पावडर’ आमटीत कालवून देणे अत्यंत धोक्याचे. दारू सोडवण्यासाठी वापरले जाणारे डायसल्फिराम पोटात असताना दारू प्यायल्यास रक्तदाब कोसळू शकतो, म्हणून ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचे औषध आहे.

बोलायचे केव्हा, यावर अर्धे यश अवलंबून असते. रात्री तो झिंगलेला असताना झालेले भांडण सकाळी त्याला आठवतही नाही. सकाळी डोके दुखत असताना, कामाचा खाडा झाल्यावर, डॉक्टरने यकृताचा अहवाल दाखवल्यावर, मुलीने बोलणे टाकल्यावर मन थोडे उघडते. त्या वेळी थोडके आणि डोळ्यांनी पाहिलेले तेवढेच बोलावे. ‘तुम्ही आमचे वाटोळे केले’ यापेक्षा ‘बाबा, काल तुम्ही न्हाणीत पडलात, मी रात्रभर जागी होते. उद्या आरोग्य केंद्रात जाऊ, मी बरोबर येते’ हे पोहोचते. तो हो म्हणालाच, तर डॉक्टर आणि वाहन आधीच ठरलेले हवे. चार दिवसांनी तो होकार उरत नाही.

अमेरिकेतील रॉबर्ट मेयर्स यांनी घरच्यांना शिकवण्याची ‘क्राफ्ट’ पद्धत मांडली. न प्यायलेल्या संध्याकाळी व्यसनी माणसाशी गोडीने बसावे. प्यायलेला असेल तर शांतपणे बाजूला व्हावे. पिण्याचे परिणाम त्याच्यापासून झाकू नयेत, असा तिचा गाभा. म्हणजे मालकाला ‘त्यांना ताप आहे’ असा फोन करायचा नाही, तावेर्नातली उधारी बायकोने भागवायची नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १३० नातेवाइकांवरील अभ्यासात या पद्धतीने ६४ टक्के व्यसनी उपचारांना आले. सर्वांनी एकदम घेरून जाब विचारण्याच्या पद्धतीने ३० टक्के. आपल्याकडे मामा-काका-शेजारी जमवून ‘बैठक’ घेण्याची जी रीत आहे, तिच्याविषयी हा आकडा पुष्कळ सांगून जातो.

गोव्याचे स्वतःचे योगदानही मोलाचे आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या, मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या ‘संगाथ’ संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत अपायकारक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर एक चाचणी केली. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांशी त्यांतल्या एका गटाच्या जास्तीत जास्त चार भेटी झाल्या. तीन महिन्यांनी या गटातील ३६ टक्के जणांचे पिणे धोक्याच्या पातळीखाली आले. या भेटींशिवाय केंद्रातील नेहमीचीच, थोडी सुधारलेली सेवा मिळालेल्या दुसऱ्या गटात हे प्रमाण २६ टक्के होते (२०१७). घरच्यांसाठी यातून एक वाट दिसते: बांबोळीचे नाव ऐकून जो उठून जातो, तो रक्तदाब तपासायला गावच्या केंद्रात येतो, आणि तिथे बोलणे सुरू होऊ शकते.

पुढील उपचार बांबोळीच्या संस्थेत होतात. हणजुणे येथे कृपा फाउंडेशनचे व्यसनमुक्ती केंद्र आहे. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभाही गोव्यात भरतात. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६, तर मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस १४४१६.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही मानसिक आजारात मोडतात. संमतीविना दाखल करणे हा अपवाद आहे. स्वतःला वा इतरांना इजेचा धोका, किंवा स्वतःची काळजी घेण्याची असमर्थता असेल, तरच नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (कायद्याने रुग्णाच्या वतीने बोलणाऱ्या व्यक्तीच्या) अर्जावरून, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर, प्रथम ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते. साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई आहे.

घरात मारहाण होत असेल, तर समजावण्याचे काम तिथेच थांबवावे. बायको-मुलांनी आधी सुरक्षित ठिकाणी जावे, ११२ किंवा महिलांसाठीच्या १८१ वर फोन करावा. उपचारांचे बोलणे नंतर, आणि तेही तिसऱ्या माणसाच्या उपस्थितीत करावे.