माणूस गिळणारं झाड: झाडीपट्टीत फिरणाऱ्या मेसेजचा खुलासा

'जंगलात माणूस गिळणारं झाड सापडलं' हा मेसेज निव्वळ थाप आहे. असल्या गोष्टींचं मूळ मादागास्कर बेटावरच्या माणूसखाऊ झाडाच्या कथेत. ती १८७४ साली न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' या वर्तमानपत्राने छापली. ते झाड कधीच कुणाला सापडलं नाही.

पूर्व विदर्भात (झाडीपट्टीत) खरोखर उगवणारी एक शिकारी, म्हणजे किडे पकडणारी, वनस्पती म्हणजे दवबिंदू (ड्रोसेरा). तिच्या बर्मानी जातीच्या पानांचा लालसर चकता जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढा. पावसाळा सरताना ओलसर, निकस जमिनीत, धानाच्या बांधीलगत वाकून पाहा. पानावरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब असतो. चिलट अडकलं की केस आत वळतात आणि पाचकरस सुटतो.

ती पोट भरायला शिकार करत नाही. अन्न उन्हातूनच बनवते. किड्यांतून घेते नत्र आणि स्फुरद, जे त्या मातीत फार कमी असतं. राक्षसी आकार तर जमतच नाही: पानाला न पेलणारी मोठी शिकार पचण्याआधी सडते, सोबत पानही कुजतं.

उपटून घरी आणू नका. शेणखत, युरिया किंवा बोअरचं क्षारयुक्त पाणी मिळालं की मरते. आणि हो, बोट लावलं तर फक्त चिकटतं.